कोकणातून मंगळावरच्या रोव्हरची रोजची खबर कशी ठेवायची

मंगळावर नासाचे दोन रोव्हर काम करताहेत. क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरला आणि तिथल्या माउंट शार्पचा उतार चढतो आहे. पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरला. आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची पहाट होती. दोघांचे कॅमेरे जे टिपतात ते पृथ्वीवर पोचल्यावर बहुतेक वेळा काही तासांतच, न सजवता, नासाच्या संकेतस्थळावर ‘रॉ इमेजेस’ या पानावर येतं. त्यासाठी नोंदणी नाही, पैसे नाहीत. वर्तमानपत्रातली बातमी शास्त्रज्ञांचा अभ्यास झाल्यावर येते आणि तोवर रोव्हर तो दगड सोडून कधीच पुढे गेलेला असतो. मंगळ खरोखर आवडत असेल तर कच्चे फोटो रोज बघायची सवय लावावी. दिवसाला वीस मिनिटं पुरतात.

फोटो बघायला साधा स्मार्टफोन चालतो. जोडकाम, म्हणजे फोटोंपासून त्रिमिती चित्र किंवा पॅनोरामा, करायचं असेल तर ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, गिंप आणि हुगिन ही दोन फुकट सॉफ्टवेअर, एक वही आणि लाल-निळा चष्मा लागेल. दुर्बीण नसली तरी काही अडत नाही. वाडीत रेंज नसेल तर सड्यावर गेल्यावर त्या दिवसाचे फोटो एकदम उतरवून घ्या आणि घरी सावकाश बघा. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून तेव्हा तर हीच पद्धत ठेवा.

आधी मंगळाचं घड्याळ

मंगळावरच्या दिवसाला ‘सोल’ म्हणतात. तो २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. म्हणजे रोव्हरची सकाळ आपल्या घड्याळात रोज सुमारे ४० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसं अजून गावोगाव आहेत. इथे हिशोब तसाच, फक्त आकडे वेगळे. ४० मिनिटांनी सरकत सरकत साधारण ३७ दिवसांत रोव्हरची सकाळ पुन्हा आपल्या सकाळी येते.

आज कितवा सोल हे काढायची रीत अशी. पर्सिव्हरन्ससाठी १९ फेब्रुवारी २०२१, पहाटे २ वाजून २५ मिनिटं ही भारतीय वेळ धरा आणि तेव्हापासून आतापर्यंतचे दिवस अपूर्णांकासह मोजा. त्याला १.०२७४९ ने भागा आणि उत्तरात ०.६६ मिळवा, कारण उतरला तेव्हा तिथे दुपारचे चार वाजत आले होते आणि तो दिवस शून्यावा सोल धरला आहे. पूर्णांक म्हणजे सोलचा क्रमांक. अपूर्णांकाला २४ ने गुणलं की तिथले वाजले किती ते कळतं.

१५ ऑगस्ट २०२५, दुपारी १२ ची वेळ घेऊन बघा. दिवस होतात १६३८.४. भागाकार १५९४.५६, त्यात ०.६६ मिळवले की १५९५.२२. म्हणजे सोल १५९५ आणि जेझेरोत पहाटेचे सव्वापाच. क्युरिऑसिटीसाठी सुरुवात ६ ऑगस्ट २०१२, सकाळी ११ ची धरा आणि ०.६२ मिळवा. त्याच दुपारी उत्तर ४६३०.३९ येतं, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजून गेलेले. दोघांत सुमारे चार तासांचा फरक नेहमीच राहतो, कारण गेल विवर जेझेरोच्या पूर्वेला ६० रेखांश अंतरावर आहे.

भागताना १.०२७४९ ऐवजी १.०३ घेऊ नका. दीड हजार दिवसांत तेवढ्याने चार सोलांची चूक होते आणि मग फोटो कुठलाच जुळत नाही.

या हिशोबाचा रोजचा उपयोग म्हणजे नवीन फोटो कधी शोधायचे ते कळतं. रोव्हर सकाळी आज्ञा घेतो, दुपारपर्यंत काम आणि प्रवास उरकतो, आणि दुपारनंतर वरून जाणाऱ्या यानाकडे माहिती सोपवतो. रोव्हर मोठ्या फायली थेट पृथ्वीवर क्वचितच पाठवतो. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर, मार्स ओडिसी, युरोपचा ट्रेस गॅस ऑर्बिटर ही मंगळाभोवती फिरणारी यानं मधली टपाल-व्यवस्था सांभाळतात. म्हणून तिथली संध्याकाळ आपल्याकडे किती वाजता होते ते काढा आणि त्यानंतर दोन-चार तासांनी पान उघडा. वरच्या उदाहरणात जेझेरोतले दुपारचे चार आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास वाजतात. त्या दिवसाची चाल बघायला मध्यरात्रीपर्यंत जागत बसण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर बघावी.

फाईलच्या नावात काय दडलंय

रॉ इमेजेसच्या पानावर नवखा माणूस गोंधळतो, कारण एकाच जागेचे पन्नास तुकडे समोर येतात. नाव वाचता आलं की गोंधळ संपतो.

पर्सिव्हरन्सच्या फाईलची पहिली दोन अक्षरं कॅमेरा सांगतात. ‘एनएल’ आणि ‘एनआर’ म्हणजे नॅव्हकॅमचा, वाट शोधणाऱ्या कॅमेऱ्याचा, डावा आणि उजवा डोळा. ‘एफएल’, ‘एफआर’ पुढचे हॅझकॅम, म्हणजे जवळचे अडथळे बघणारे कॅमेरे, ‘आरएल’, ‘आरआर’ मागचे. ‘झेडएल’, ‘झेडआर’ म्हणजे मास्टकॅम-झेड, २६ ते ११० मिलिमीटर झूम असलेली जोडी. पुढचे चार आकडे सोलचे. त्यानंतरचे दहा आकडे यानाच्या घड्याळाचे सेकंद, जे १ जानेवारी २००० च्या संध्याकाळी साडेपाच या भारतीय वेळेपासून मोजले जातात. त्याला ८६४०० ने भागलं की दिवस मिळतात आणि फोटो नेमका कधी काढला ते कळतं. यानाचं घड्याळ थोडं पुढेमागे होतं, तेव्हा काही मिनिटांचा फरक धरून चाला.

क्युरिऑसिटीची रीत निराळी आहे. त्याच्या मास्टकॅमच्या नावात आधी सोलचे चार आकडे, मग ‘एमएल’ म्हणजे ३४ मिलिमीटरची डावी भिंग, ‘एमआर’ म्हणजे १०० मिलिमीटरची उजवी. ‘एमएच’ आलं की तो हातावरचा माहली कॅमेरा, दगडाला जवळजवळ नाक लावून काढलेला फोटो. नॅव्हकॅमचे फोटो इथेही ‘एनएल’, ‘एनआर’नेच सुरू होतात, पण ते काळे-पांढरे असतात.

आता नेहमीच्या दोन अडचणी. पर्सिव्हरन्सच्या नॅव्हकॅमचं पूर्ण चित्र ५१२० गुणिले ३८४० बिंदूंचं आहे आणि ते बरेचदा तुकड्यांत येतं. अर्धा दगड दिसला तर फोटो बिघडलेला नाही, शेजारचा तुकडा शोधा, सेकंदांचे आकडे तेच असतील. दुसरी अडचण, काही मास्टकॅम फोटो राखाडी आणि बारीक जाळीचे दिसतात. ते रंग उलगडण्याआधीचे असतात. सुरुवातीला ते सोडून द्या.

लघुचित्रंही तिथेच मिसळलेली असतात. ती आधी येतात, मोठा फोटो मागून, कधी कधी कित्येक दिवसांनी. आज धूसर बघितलेलं चित्र वहीत सोलसकट लिहून ठेवा आणि आठवड्याने परत तपासा.

फोटो येत नाहीत तेव्हा

दोन-तीन दिवस काहीच नवीन दिसलं नाही की लोकांना वाटतं रोव्हर बंद पडला. बहुतेक वेळा कारण साधं असतं. कॅलिफोर्नियातला चमू त्यांच्या दिवसपाळीत काम करतो. मंगळावरची माहिती त्यांच्या रात्री पोचत असेल तर ती बघून दुसऱ्या दिवसाची आखणी करता येत नाही, म्हणून ते एकदम दोन सोलांचं काम देतात आणि रोव्हर एकाआड एक दिवस चालतो. ४० मिनिटांच्या सरकण्यामुळे हा काळ ठरावीक अंतराने येत राहतो. शुक्रवारी शनिवार-रविवार धरून आखणी होते, सणाच्या सुट्टीत त्याहून लांब. क्युरिऑसिटीच्या चमूची टिपणं शीर्षकातच सोल क्रमांक घेऊन येतात. ती वाचली की पुढे काय होणार ते आधीच कळतं.

दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्यामागे जातो आणि साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबतं, कारण सूर्याजवळून जाणारा संदेश तुटक पोचला तर रोव्हर भलतंच काही करील. जानेवारी २०२६ मध्ये तसं झालं, पुढची वेळ मार्च २०२८ ची.

धुळीचं वादळ ही मात्र खरी काळजी. नासाच्या आधीच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरने १० जून २०१८ ला शेवटचा संदेश पाठवला तो अशाच वादळात, कारण तो सौरपट्ट्यांवर चालत होता. पंधरा वर्षांच्या आसपास टिकून त्याने ४५ किलोमीटर चाल पूर्ण केली होती. आताच्या दोन्ही रोव्हरांना प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज मिळते. वादळात त्यांची चित्रं गढूळ होतील, क्षितिज नाहीसं होईल, पण वीज जाणार नाही.

नासाच्या डीप स्पेस नेटवर्कचं एक थेट पान आहे. गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या ७० आणि ३४ मीटरच्या अँटेना या क्षणी कुठल्या यानाशी बोलताहेत ते त्यावर दिसतं. ‘एमएसएल’ म्हणजे क्युरिऑसिटी, ‘एम२०’ म्हणजे पर्सिव्हरन्स, ‘एमआरओ’ म्हणजे टपाल नेणारा ऑर्बिटर. ‘एमआरओ’खाली माहिती उतरताना दिसली की थोड्या वेळाने फोटोंचं पान बघा.

दगड वाचायचे कसे

इथे कोकणातल्या माणसाचा हात वरचढ ठरतो. पायाखाली जांभा, ओढ्यात काळवत्री, समोर वाळू. मंगळाची चित्रं वाचायला लागणारं बरंचसं शिक्षण घराबाहेर पडलेलं आहे, फक्त ते कुठे लागू होतं आणि कुठे नाही ते नीट समजून घ्यायला हवं.

पहिली चूक सगळे करतात: सड्याचा लाल कातळ बघून मंगळ जांभ्याचा आहे असं समजतात. जांभा लाल झाला तो लाखो पावसाळ्यांनी मूळ खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली म्हणून. मंगळावर लाल आहे ती प्रामुख्याने वरची धूळ. क्युरिऑसिटीने फेब्रुवारी २०१३ मध्ये पहिल्यांदा दगडात छिद्र पाडलं तेव्हा आतून राखाडी भुकटी निघाली. म्हणून रोव्हरने ड्रिल केल्याचा किंवा दगड घासल्याचा फोटो आला की वरचा आणि आतला रंग शेजारी ठेवून बघा. सोललेल्या जागेचा रंग खरा.

मंगळाचा बराचसा मूळ खडक बेसाल्ट आहे, म्हणजे आपल्या काळवत्रीच्या जातीचा. काळवत्रीच्या पोकळ्यांत पांढरी भरण दिसते, तशा क्युरिऑसिटीच्या फोटोंत दगडातून जाणाऱ्या पांढऱ्या रेघा दिसतील. त्या बहुतेक कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे जिप्समच्या कुळातल्या आहेत. दगड फुटल्यावर त्या भेगांतून खारं पाणी वाहिलं याची ती खूण.

जांभ्याखाली विहीर खणताना पांढुरकी चिकण माती लागते. तिच्यात केओलिनाइट असतं आणि ते बनायला भरपूर पाणी आणि दीर्घ काळ लागतो. पर्सिव्हरन्सला जेझेरोत केओलिनाइटचे फिकट सुटे दगड सापडले आहेत. कोकणातला पाऊस आणि कोकणातली माती यांचं नातं ज्याने बघितलंय त्याला या एका शोधाचं वजन चटकन कळेल.

ओहोटीला पुळणीवर उमटलेल्या लहरी नीट बघून या. दोन्ही बाजूंना सारखा उतार असेल तर त्या पुढे-मागे हलणाऱ्या लाटांच्या. एक बाजू लांब निवांत आणि दुसरी उभी असेल तर एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या. क्युरिऑसिटीने माउंट शार्पवर दगड झालेल्या लाटांच्या लहरी टिपल्या, नासाने त्या फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केल्या. उथळ तळं तिथे होतं, हे त्या उताराच्या मापावरून निघतं. फोटोत लहरी दिसल्या की आधी उतार सारखे आहेत का ते तपासा, मग ‘पाणी’ म्हणा.

दगडावरचे खड्डे बघून मात्र घाई करू नका. जांभ्याला भोकं असतात ती झिजून आणि धुऊन निघून. मंगळावर वाऱ्याने उडालेली वाळूही तसेच खड्डे पाडते.

आकार ओळखायला क्युरिऑसिटीच्या चाकांची मदत घ्या. चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १५७ सेंटिमीटर अंतर. चाकावरच्या छिद्रांनी वाळूत मोर्स लिपीचा ठसा उमटतो, तो दर फेऱ्याला एकदा. दोन ठशांमधलं अंतर ही तुमची फूटपट्टी.

आणि मागचे हॅझकॅम टाळू नका. सगळे पुढचं दृश्य बघतात. मे २०२४ मध्ये क्युरिऑसिटीच्या चाकाखाली एक दगड चुरडला आणि आतून शुद्ध गंधकाचे पिवळे स्फटिक निघाले, मंगळावर पहिल्यांदाच. न ठरवता फुटलेला दगड मागच्या चाकोरीतच सापडतो.

त्रिमिती चित्र

सुरुवात क्युरिऑसिटीच्या काळ्या-पांढऱ्या नॅव्हकॅमने करा, रंगांची भानगड नको.

सेकंदांचे आकडे तेच असलेली डावी-उजवी जोडी उतरवा. गिंपमध्ये दोन्ही थर म्हणून उघडा. ‘कलर्स’मधल्या ‘कंपोनंट्स’ खाली ‘कंपोज’ घ्या, लालच्या जागी डावं चित्र, हिरव्या आणि निळ्याच्या जागी उजवं. निघालेलं चित्र जेपेगमध्ये निर्यात करा. चष्म्याला लाल काच डाव्या डोळ्यावर. तयार चष्मा नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातला लाल आणि निळा जिलेटिन कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत लावा. निळा एकपदरी कागद लाल प्रकाश आत सोडतो आणि सावलीसारखं दुसरं चित्र दिसतं, म्हणून निळा दुपदरी घ्या.

डोकं दुखायला लागलं तर चित्रं वर-खाली सरकलेली आहेत. कंपोज करण्याआधी उजवा थर असा हलवा की मधल्या अंतरावरचा एखादा दगड दोन्हींत एकावर एक येईल. आडवं अंतर थोडं उरलं तर चालतं, उभं अजिबात नको. दोन नॅव्हकॅममध्ये ४२ सेंटिमीटरहून जरा जास्त अंतर आहे, माणसाच्या डोळ्यांच्या साडेसहापट. त्यामुळे खोली वाढून दिसते आणि टेकडी हातात घ्यायच्या खेळण्याएवढी वाटते. उंचीचा अंदाज त्रिमितीवरून कधीही बांधू नका.

पॅनोरामा

हुगिनमध्ये एकाच सोलचे, सेकंदांचे आकडे जवळजवळ असलेले नॅव्हकॅम फोटो घ्या. भिंगाचा प्रकार ‘नॉर्मल’ ठेवा, आडवा दृश्यकोन क्युरिऑसिटीसाठी ४५ अंश, पर्सिव्हरन्सच्या पूर्ण चित्रासाठी ९६. हा आकडा चुकला की जोड कधीच बसत नाही आणि माणूस तासभर दुसरीकडेच चूक शोधत बसतो. पर्सिव्हरन्सचे तुकडे आधी जोडून पूर्ण चित्र करून घ्यावं लागतं, म्हणून पहिला प्रयत्न क्युरिऑसिटीवर करा.

जुळणीचे बिंदू सॉफ्टवेअर स्वतः शोधतं, पण आकाशात आणि गुळगुळीत वाळूत त्याला काही सापडत नाही. अशा जोडीवर हाताने पाच-सहा बिंदू द्या, शक्यतो लांबच्या दगडांच्या टोकांवर. जवळच्या दगडांवर देऊ नका. मान वळताना कॅमेरा स्वतःही जागा बदलतो, त्यामुळे जवळची वस्तू दोन फोटोंत वेगळ्या ठिकाणी दिसते. याच कारणाने रोव्हरची पाठ जोडावर तुटलेली दिसते. ती मास्कने झाकून टाका.

क्षितिज लाटेसारखं आलं तर रोव्हर कलंडलेल्या जमिनीवर उभा होता. उभ्या-आडव्या रेषा देऊन ते सरळ करता येतं, पण क्युरिऑसिटी डोंगरावर आहे, तिथला उतार खरा आहे. सगळं सपाट करून टाकू नका.

रंगीत मास्टकॅमवर हात बसल्यावर काम करा. ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ दाबल्यावर मंगळावर पृथ्वीसारखं निळसर आकाश दिसू लागतं, ते खोटं आहे. त्याऐवजी त्याच सोलचा किंवा जवळच्या सोलचा रंगतपासणीच्या चकतीचा फोटो शोधा. रोव्हरच्या पाठीवर ती बसवलेली असते. तिच्या राखाडी कड्यावरून रंग ठरवा. सूर्यास्ताच्या वेळी सूर्याभोवती दिसणारा निळा मात्र खरा, तो बारीक धुळीमुळे येतो.

काम कुठेही दाखवायचं असेल तर श्रेय लिहा. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमसाठी नासा, जेपीएल-कॅलटेक, एमएसएसएस. पर्सिव्हरन्सच्या मास्टकॅम-झेडसाठी त्यात एएसयू जोडा.

आकाशातला मंगळ

१९ फेब्रुवारी २०२७ च्या सुमारास मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल, सिंह राशीत. मळभ नसलेला महिना आहे. संध्याकाळी पूर्वेला सह्याद्रीची भिंत आडवी येते, म्हणून नऊनंतर बाहेर पडा. रत्नागिरीच्या अक्षांशावर रात्री पाऊण-एकच्या दरम्यान तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्या वेळी हवेचा थर सर्वांत पातळ. बिंब १४ सेकंद कोनाहून किंचित लहान असेल, तेव्हा ६ इंची दुर्बीण आणि १५० पट वर्धन घ्या. उत्तरेचं पांढरं टोपडं आणि गडद त्रिकोणी सिर्टिस मेजर ओळखता येतील. जेझेरो त्या त्रिकोणाच्या पूर्वेला लागूनच आहे. सिर्टिस मेजर बिंबाच्या मधोमध असेल तेव्हा पर्सिव्हरन्स तुमच्याकडच्या बाजूला आणि दिवसाच्या उजेडात असतो. तो गडद डाग आज जिथे दिसला तिथेच उद्या बघायचा तर सुमारे ४० मिनिटं उशिरा बघा.

खाऱ्या वाऱ्यात दुर्बीण उघडी ठेवू नका. काम झाल्यावर नळी बाहेरून कोरड्या कपड्याने पुसा, भिंग मात्र पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा. दव पडलं असेल तर झाकण न लावता घरात आपोआप वाळू द्या. ओलं भिंग झाकलं तर बुरशी धरते. आगोटीच्या आधी आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. गणपतीपर्यंत डबा दर पंधरवड्याला एकदा उघडून बघा.